अंब्रेला पाम आणि केरेक्सची टोकं करपतायत, काय करू?

अंगणवाली_जळगाव
नमस्कार मंडळी. घर जळगावला, पुढं छोटंसं अंगण, काळी माती आणि पाणी बोअरचं. गवतासारखी दिसणारी शोभेची झाडं मला फार आवडतात म्हणून नर्सरीतून अंब्रेला पाम आणला आणि ऑनलाइन ते पिवळ्या पट्ट्यांचं केरेक्स एव्हरगोल्ड मागवलं. हिवाळाभर दोन्ही मस्त होती, पण एप्रिल लागला नि पारा ४२ च्या वर गेला तशी टोकं तपकिरी व्हायला लागली, सकाळ-संध्याकाळ पाणी देऊन राहिले तरी तेच. केरेक्स तर मधूनच बसल्यासारखं झालंय. त्यात बाजूच्या वाफ्यात लव्हाळा असला माजलाय की सासूबाई विचारतात, रानात फुकट उगवतं ते पैसे देऊन कशाला आणलं 😀 या झाडांना पाणी किती, ऊन किती, आणि लव्हाळ्यावर काही औषध मारलं तर चालेल का?

गिरणाकाठ
ताई, दोन्ही झाडांची तऱ्हा वेगळी आहे. अंब्रेला पाम म्हणजे सायपरस, नावात पाम असलं तरी लव्हाळ्याच्याच कुळातला, मूळचा आफ्रिका-मादागास्करकडचा, ओढ्याकाठी पाणथळीत वाढणारा. उकाडा त्याला चालतो, फक्त पाय पाण्यात पाहिजेत. म्हणून दोन वेळा पाणी घालत बसण्यापेक्षा कुंडीच सरळ टबात ठेवा आणि टबात तीन-चार इंच पाणी राहू द्या. सकाळचं ऊन भरपूर मिळू दे, दुपारी १२ नंतर पश्चिमेची झळ मात्र अडवा, ग्रीन नेट लावा नाहीतर भिंतीच्या आडोशाला घ्या.
केरेक्स एव्हरगोल्ड जपानकडचं, थंड-दमट हवेतलं. त्याला ओल हवी पण मुळाशी साचलेलं पाणी नको, आणि काळी माती कुंडीत भरली की पाणी निचरतच नाही. मिश्रणात रेती नि कोकोपीट वाढवा, आंब्या-लिंबाखाली गार सावलीत ठेवा, तगलं तर तगलं. खरं सांगू का, खान्देशच्या मे महिन्यात केरेक्सवर पैसे घालू नये असं माझं स्पष्ट मत आहे, त्यापेक्षा बुटका पपायरस (हाही सायपरसच) घ्या, हौस तीच भागते.

भुसावळचा_भो
काय सोपं काम अवघड करून राहिले भो! घरोघरी कूलर चालूच हाय, कूलरच्या टाकीतलं पाणी त्या टबात ओतायचं, आयतं गार पाणी, वेगळं भरायला नको. आमच्या इथं बी टबातच हाय, माणसाच्या कमरेएवढा झाला.

धुळे_बागकाम
कूलरचं पाणी नको दादा, तिथंच घोळ होतो. कूलर दिवसभर पाणी उडवतो पण त्यातले क्षार कुठं उडत नाहीत, ते टाकीतच साठत जातात. पॅडवर पांढरे थर चढतात ना, ते हेच. आधीच बोअरचं जड पाणी, त्यात हे ओतलं की क्षार मुळाशी जाऊन बसतात आणि टोकं करपतात. ताई, तुमच्या कुंडीच्या काठावर पांढरी पूड दिसते का बघा. दिसत असेल तर टबातून काढून वरून भरपूर नळाचं पाणी सोडा, खालून वाहून जाऊ द्या, मगच परत टबात. टबातलं पाणी पण आठवड्याला पूर्ण बदलायचं, नुसती भर घालत राहायची नाही. पावसाळ्यात कुंडी उघड्यावर ठेवली की पावसानं आपोआप धुऊन निघते.
पानं पिवळी पडत असतील तर लोह कमी पडतंय, काळ्या चुनखडीच्या मातीत हे नेहमीचंच, चिलेटेड फेरसची (झाडाला सहज घेता येणाऱ्या लोहाच्या खताची) हलकी फवारणी संध्याकाळी करा. करपलेले दांडे मात्र ठेवू नका, बुडापासून कापा, नवे फुटवे जोरात येतात. आणि थंडीत वाढ थांबली तर घाबरू नका, रावेर-यावलच्या केळीला जिथं चरका लागतो तिथं हा तर पाणथळ गरम हवेतला गडी.

अंगणवाली_जळगाव
@धुळे_बागकाम हो, कुंडीच्या काठावर चांगला जाड पांढरा थर आहे! आजच धुते. लव्हाळ्याचं पण सांगा कुणीतरी, आणि टबात डास झाले तर?

तापीखोरे
लव्हाळ्यावर औषधाच्या नादी लागू नका. ऊस-मक्यात हॅलोसल्फ्युरॉन हे तणनाशक मारतात खरं, पण ते लव्हाळ्याच्या अख्ख्या कुळावरच चालतं, तुमचा अंब्रेला त्याच कुळातला, शेजारी फवारलं आणि वारा फिरला तर आधी तोच जायचा. लव्हाळा नुसता उपटला तर खालच्या गाठी मातीत राहतात आणि दुप्पट फुटतो. मे महिन्यात वाफा खोल खणून गाठी वेचा, राहिलेल्या कडक उन्हात वाळू द्या. वाफ्यातली माती कुंडीत भरायची नाही, लव्हाळा तिथूनच येतो.
डासांसाठी टबात गप्पी मासे सोडा, फक्त मासे सोडले की आठवड्याला सगळं पाणी एकदम बदलू नका, निम्मं-निम्मं बदला, आणि टबात कीडनाशक बिलकुल नको. पिठ्या ढेकूण दिसला तर ती छत्री (दांड्याच्या टोकावरचा पानांचा झुबका) कापून लांब फेकून द्या.
अजून एक, रोपं विकत घेऊ नका आता. चांगली छत्री दोन-तीन इंच दांड्यासकट कापा, पानं कात्रीनं निम्मी करा आणि पाण्याच्या डब्यात उलटी, म्हणजे छत्री खाली दांडा वर, अशी सावलीत ठेवा. मधल्या गाभ्यातून मुळं नि कोंब फुटतात. कोंब बोटभर झाले की चिखलमातीत लावायचे. मी तर जूनमध्ये करतो, उकाड्यात डब्यातलं पाणी लवकर नासतं.