शब्दचर्चा : पारगम्यता, पार्यता की नुसता पाझर?

प्रश्न
अकरावीच्या जीवशास्त्र प्रात्यक्षिकाच्या सूचना मराठीत करतेय. बिटाचे सारखे तुकडे धुऊन वेगवेगळ्या तापमानाच्या पाण्यात ठेवायचे आणि पाणी किती लाल होतं ते बघायचं. 'पर्मिएबिलिटी'ला, म्हणजे पेशीच्या पटलातून (पातळ आवरणातून) पदार्थ आरपार जाऊ देण्याच्या गुणाला, पारगम्यता लिहू की पार्यता? शिवाय 'तापमान वाढल्यास पटलाची पारगम्यता वाढते' हे वाक्य मुलांच्या डोक्यावरून जातंय. साधा शब्द आहे का?

प्रतिसाद
दोन्ही चालतील. विश्वकोशाची वाट पार्य, अर्धपार्य, चुंबकीय पार्यता अशी. तिथे परासरणालाही (ऑस्मोसिसला) 'तर्षण' म्हणतात. पण मुलं बालभारतीचं 'निवडक्षम पारपटल' (ठरावीक पदार्थांनाच वाट देणारं पटल) वाचून आलेली असतात. त्याला धरून पारगम्यताच ठेवा.

प्रतिसाद
सरळ 'पाझर' म्हणा की. माठ पाझरतो, पाझर तलाव असतो. पोरांना लगेच कळेल.

प्रतिसाद
माठाचा दाखला फार छान, पण तो अर्धाच वापरलात. माठ पाझरतो म्हणून पाणी गार होतं. माठ गळतो तेव्हा तो कुंडी करायला जातो. बिटाच्या प्रयोगात नेमका हाच फरक आहे.

बिटाचा लाल रंग पेशीतल्या रिक्तिकेत (पाणीदार द्रवाच्या पिशवीत) कोंडलेला असतो. बाहेर यायला त्याला रिक्तिकेचं पटल आणि पेशीपटल अशी दोन कुंपणं ओलांडावी लागतात (पेशीभित्तिका त्याला अडवत नाही, ती जाळीसारखी). साध्या पाण्यात धुतलेला तुकडा तासभर ठेवा, पाणी जेमतेम गुलाबी होतं. पाणी कोमट केलं की पटलातले फॉस्फोलिपिडचे (स्निग्ध पदार्थाचे) रेणू जास्त हलू लागतात, पटल सैलावतं, रंग थोडा जास्त सुटतो. इथवर 'पारगम्यता वाढली' म्हणणं ठीक. पण साधारण ५० ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान पटलातली प्रथिनं उलगडून बिघडतात, आणि पाणी एकदम लालभडक होतं. तिथे पटल काही निवडतच नाही, मग कसली पारगम्यता? ती गळती. सूचनापत्रिकेत दोन्ही शब्द हवेत, तापमान आणि लालीच्या आलेखाला जिथे बाक येतो तिथे शब्दही बदलायला हवा.

आणि 'पाझर' एकटा पुरत नाही. माठ निवड करत नाही, पाण्याबरोबर क्षारही बाहेर येतात, म्हणून तर माठावर पांढरे डाग पडतात. पटल पाण्याला वाट देतं, रंगाला अडवतं. 'निवडक्षम' सोडू नका.

प्रश्नकर्ती
पटलं. मग थंडीकडे काय लिहू? फ्रीझरमधल्या तुकड्यानंही पाणी लाल होतं. मी 'पटल गोठते' असं लिहिलंय.

प्रतिसाद
गोठतं ते पाणी. पेशीत बर्फाचे स्फटिक होतात, ते पटल फाडतात, आणि तुकडा वितळला की रंग बाहेर. पटलाला 'थिजणे' वापरा, शेवटी ते स्निग्ध पदार्थाचंच. खोबरेल २४ अंशांच्या खाली गेलं की थिजतं, तिळाचं तेल तेवढ्यानं थिजत नाही. पटलांचंही तसंच, खोबरेलात असतात तशी संपृक्त मेदाम्लं जास्त असली तर लवकर थिजतात. केळ्याला तर १३ अंशांखालची थंडीही सोसत नाही. फ्रिजमध्ये पटलं बिघडतात, एरवी वेगवेगळे राहणारे पदार्थ एकमेकांत मिसळतात आणि साल काळी पडते. बर्फाचा कणही नसतो तिथे.

आमच्याकडे आजी थिजलेल्या तुपाला कोणी गोठलेलं म्हटलं की लगेच टोकायची.

प्रश्नकर्ती
'गोठते' खोडलं. एकच राहिलं. तुकडे आधी का धुवायचे हे एका वाक्यात लिहायचंय. सुरीनं कापताना जो रंग सुटतो तो ना पाझर, ना गळती. त्या पेशी तर चिरल्याच गेल्या.

प्रतिसाद
सांडलेला रंग. 'कापताना सांडलेला रंग धुऊन टाका.'