गणवेश नाही तर पदवी नाही?

तळटीप : 'ज्याने एनसीसीत दोन वर्षे काढली नाहीत, त्याला पदवी देऊ नये, तो अर्धाच नागरिक,' असे काल या चर्चामंचावर एका सदस्यांनी लिहिले. राहवले नाही, म्हणून सविस्तर लिहितो. चीन युद्धानंतर १९६३ साली महाविद्यालयांत ही सक्ती झाली होती आणि १९६८ साली ती मागे घ्यावी लागली. बोलावणे आल्यास राष्ट्रसेवा करावी, हे कर्तव्य घटनेच्या ५१(क) कलमात आहे खरे. पण अर्ध्या-पाऊण नागरिकत्वाची मापे तेथे नाहीत. शिवाय १९४८ च्या एनसीसी कायद्यानुसार छात्रावर प्रत्यक्ष सैनिकी सेवेचे बंधन येतच नाही. मग पदवी अडवायची ती कोणत्या सेवेसाठी?

सुभेदारपुत्र : ते वाक्य माझेच. सक्ती फसली ती कवायत शिकवणारे पुरेसे उस्ताद आणि बूट नव्हते म्हणून, असे माझे वडील सांगत, आणि त्यांनी तो काळ मैदानावर काढला होता, ग्रंथालयात नव्हे. माझ्या शिबिरात गोळीबाराच्या सरावानंतर काडतुसाची एक रिकामी पुंगळी कमी भरली, तेव्हा आम्ही तीस जण अंधार पडेपर्यंत गुडघ्यांवर गवत चाचपत होतो. सार्वजनिक वस्तूचा हिशेब असा शिकवणारा तास कोणत्या अभ्यासक्रमात आहे?

हजेरीग्रस्त : हिशेबाचा विषय निघालाच आहे, तर माझ्या दहा दिवसांचाही होऊ द्या. मी शिबिराहून परतलो, तर विभागाने ते दिवस गैरहजेरीत धरले. कमांडिंग अधिकाऱ्यांचे पत्र, दोन अर्ज, अर्जांची पोच, सारे जोडूनही मला परीक्षेला बसू दिले नाही आणि सत्र वाया गेले.

निवृत्त प्राध्यापिका : आपल्यावर अन्याय झाला असेल, परंतु हजेरीची सवलत म्हणजे प्रयोग केल्याचा दाखला नव्हे. ब्युरेट हाती न धरलेल्या मुलाच्या जर्नलवर सही करा, असा आग्रह मला दरवर्षी होत असे, आणि तो करणारे देशप्रेमाचे नाव घेऊनच येत.

सुभेदारपुत्र : बाई, तंबूत एक रात्र काढली असती, तर आपण असे लिहिले नसते.

निवृत्त प्राध्यापिका : मी सैनिकाची पत्नी आहे. तंबू मला शिकवू नका. राहून गेलेले प्रयोग मी रविवारी प्रयोगशाळा उघडून करून घेत असे. त्या रविवारांचे पदक मी कोणाकडे मागितले नाही.

तळटीप : मूळ मुद्द्याकडे येतो. घटनेच्या १८ व्या कलमाने किताब बंद केले, पण सैनिकी आणि विद्याविषयक असे दोन सन्मान राखले. ते शेजारी शेजारी ठेवले आहेत. एकाला दुसऱ्याच्या दारावर पहारेकरी बसवलेले नाही.

सुभेदारपुत्र : ठीक आहे, पदवी अडवू नये. 'अर्धा नागरिक' हे शब्दही मागे घेतो. आपल्याला पाऊण धरतो.

हजेरीग्रस्त : आणि ज्याने शिबिरही केले आणि सत्रही गमावले, त्याला आपण किती धरता?