वाग्नरच्या बँकेवरचे ते बोल्ट कशासाठी?

प्रश्न: वास्तुविशारद ऑटो वाग्नरने व्हिएन्नात बांधलेल्या पोस्टल सेव्हिंग्ज बँकेचे (१९०४–०६) फोटो पाहतोय. दर्शनी भिंतीवर रांगेने बोल्टची डोकी दिसतात. ती नुसती शोभेची का?

उत्तर १: बऱ्याच अंशी हो. संगमरवराच्या पातळ लाद्या बांधकामाच्या मसाल्यावर (मॉर्टरवर) बसवल्यात. पण लादी वरून लावलीय, हे तो लपवत नाही. बोल्टवरच्या ॲल्युमिनियमच्या टोप्या मुद्दाम मिरवतो. मला तर हेच फार आवडतं.

उत्तर २: आतला हॉलही बघा. वर काचेचं छत आणि पायाखाली काचेच्याच विटा, म्हणजे उजेड थेट तळघरात उतरतो!

प्रश्नकर्ता: वा! त्यानेच बांधलेल्या, श्टाइनहोफ या मनोरुग्णालयाच्या चर्चमध्ये, मनोरुग्णांना इजा होऊ नये म्हणून बाकांचे कोपरे गोल केलेत. इतका विचार करणारा माणूस! आता त्याचे आराखडेच शोधतो.