मदत हवी आहे: फोर्ड ८एन ट्रॅक्टर ६ वरून १२ व्होल्टवर नेताना इग्निशन कॉइलचं काय?

ट्रॅक्टर १९४९चा, इथे ओहायोतच घेतलेला. डिस्ट्रिब्युटर इंजिनाच्या पुढे, त्यावर चौकोनी कॉइल (प्लगच्या ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी). डायनामो काढून अल्टरनेटर बसवला, पॉझिटिव्ह अर्थची निगेटिव्ह केली, अ‍ॅमीटरच्या वायरी उलटवल्या, बल्ब बदलले. स्टार्टर जुनाच, १२वर झकास फिरतो. अडलंय कॉइलपाशी. ६ व्होल्टची कॉइल तशीच ठेवून दहा मिनिटं चालवला (आगाऊपणाच!), तर तिला हात लावता येईना. आता १२ व्होल्टची चौकोनी कॉइल आणलीय, मीटरवर अडीच ओहम दाखवते. म्हणजे १४ व्होल्टला पॉइंट्समधून (डिस्ट्रिब्युटरमधले, कॉइलचा प्रवाह जोडणारे-तोडणारे संपर्क) साडेपाच अँपिअर, जास्तच वाटतात. पॉइंट्सच ठेवायचेत, इलेक्ट्रॉनिक इग्निशन नको. डॅशमागचा, कॉइलचा प्रवाह कमी करणारा मूळ रेझिस्टर शाबूत आहे. तेवढा पुरेल, की आणखी एक जोडावा लागेल, आणि किती ओहमचा?