मानवी हक्कांचा धडा आणि वर्गाचा कारभार

शिक्षिका, जिल्हा परिषद शाळा :
आमच्या शाळेत रोज परिपाठाला संविधानाची उद्देशिका म्हटली जाते. ‘दर्जाची व संधीची समानता’ हे शब्द सहावीच्या मुलामुलींना तोंडपाठ आहेत. परंतु परिपाठ संपला की कोणी न सांगता मुली झाडू उचलत आणि मुलगे मैदानाकडे वळत, आणि वर्षानुवर्षे हे पाहूनही त्यातली विसंगती मला फार उशिरा जाणवली. यंदा मी उपदेश केला नाही. आठवडाभर कोणते काम कोणी केले याची नोंद मुलांनाच ठेवायला सांगितली आणि तो तक्ता भिंतीवर लावला. तक्त्यापुढे उभे राहून मुलांनी जे बोलून दाखवले, ते नागरिकशास्त्राच्या तासाला कधी ऐकले नव्हते. झाडण्याची पाळी आता सगळ्यांना येते.

माझे म्हणणे असे की, मानवी हक्क मुलांना कळतात ते वर्ग ज्या रीतीने चालतो त्या रीतीतून. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २०११ मध्ये स्वीकारलेल्या मानवी हक्क शिक्षणाच्या जाहीरनाम्यात हक्कांविषयीच्या ज्ञानाबरोबरच, शिकणाऱ्याचे व शिकवणाऱ्याचे हक्क जपणारी अध्यापनपद्धती आणि हक्क बजावण्याचे सामर्थ्य ही दोन अंगेही सांगितली आहेत. आपल्या शिक्षण हक्क कायद्याचे (२००९) कलम २९ बालकेंद्री आणि भयमुक्त शिक्षण सांगते. आपण मात्र ज्ञानाच्या अंगापाशीच थांबतो, कारण प्रश्नपत्रिकेत तेवढेच विचारता येते.

निवृत्त मुख्याध्यापक :
ताई, आपली तळमळ पटते, पण निष्कर्षाशी मी सहमत नाही. आमच्या एका वर्गाने वर्गाचे नियम स्वतः ठरवले होते आणि उशिरा येणाऱ्याने पहिला तास बाहेर उभे राहावे, असा ठराव जवळजवळ एकमताने केला होता. सर्वांत जास्त वेळा बाहेर उभी राहिली ती घरचे पाणी भरून शाळेत येणारी एक मुलगी. मुलांवर सोपवले की मुले मोठ्यांच्याच जगाचे नियम उचलतात, आणि शिक्षक ‘हा तर मुलांचा निर्णय’ म्हणून नामानिराळा राहतो.

दुसरे असे की, माझी बरीचशी नोकरी ऊसतोडणीला जाणाऱ्या कुटुंबांच्या गावांत झाली. उचल म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम घेतलेली असते, मजूर नेणाऱ्या मुकादमाची गाडी येते आणि दिवाळीच्या आगेमागे वर्ग अर्धा रिकामा होतो. फडाजवळच्या शाळेत मूल गेले की ‘दाखला आणा’ म्हणून परत पाठवल्याचे मी ऐकले आहे. वास्तविक दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता किंवा लांबवता येत नाही, असे याच कायद्याचे कलम ५ स्पष्ट सांगते. हे कलम गटचर्चेतून सापडत नाही, ते सांगावे लागते, आणि गरज पडली तर पाठही करून घ्यावे लागते. ज्याच्या घरी कायदा जाणणारे कोणी नाही, त्या मुलाला शिक्षकाने सरळ शिकवले नाही, तर दुसरे कोण शिकवणार?

द्विशिक्षकी शाळेतील शिक्षक :
चार इयत्ता, दोन शिक्षक आणि पोषण आहारापासून ऑनलाइन माहितीपर्यंतची कामे, यांत असे तक्ते करायला वेळ कोठून आणावा, एवढेच विचारतो. बालकेंद्री शिक्षण हे बऱ्या परिस्थितीतल्या शाळांचे काम आहे, असे आता वाटू लागले आहे.

शिक्षिका :
सर, वेळेची अडचण खरी आहे आणि तिला माझ्याकडे उत्तर नाही. मात्र बालकेंद्री शिक्षण बऱ्या परिस्थितीतल्यांसाठी असते, हे मला मान्य नाही. कोसबाडच्या आदिवासी भागात बालशिक्षणाचे काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावरच शाळा नेली. तेथे मुलाच्या दिवसाकडे पाहून शाळेने आपली जागा बदलली होती.

मुख्याध्यापक सरांचा पहिला मुद्दा मी स्वीकारते. संविधानाच्या तेराव्या अनुच्छेदानुसार मूलभूत हक्क हिरावून घेणारा कायदा विधिमंडळालाही करता येत नाही. मग वर्गाच्या बहुमताला ती मुभा कशी असेल? ‘यावर मतदान होणार नाही’ हे शिक्षकाने ठामपणे सांगायला हवे. परंतु त्या मुलीला उशीर का होतो हे वर्गाने तिलाच विचारले असते, तर ठराव टिकला असता असे मला वाटत नाही. कलम ५ मी नक्की शिकवीन. मात्र पाठ करून न घेता, स्थलांतराच्या आधी प्रत्येक मुलाकडून प्रवेशाचा अर्ज त्याच्या भाषेत लिहून घेईन.

निवृत्त मुख्याध्यापक :
अर्जाची कल्पना चांगली आहे, परंतु तो फेटाळला गेला तर पुढे काय, हेही त्याच तासाला सांगावे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ नुसार स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते, पण निर्णयाला तीन महिन्यांची मुदत आहे आणि तोडणीचा हंगाम असतो पाच-सहा महिन्यांचा. तेवढ्यात मुलाच्या हाती कोयता येतो. म्हणून मी दरवर्षी टोळ्या निघण्यापूर्वी पालकांकडून कारखान्याचे नाव विचारून घेत असे आणि त्या भागातल्या शाळेच्या मुख्याध्यापकांना स्वतः फोन करत असे. आपल्या अर्जाबरोबर तो फोनही असू द्या.