ब्राझीलच्या शहरांत गाईडसोबत फिरताना काय काय चाखलंत?

गेल्या वर्षी आम्ही आठवडाभर साओ पाउलोत होतो. एका सकाळी गाईडबाईंसोबत चार तास पायी हिंडलो, थांबेल तिथे खाल्लं. 1933 सालची मोठी मंडई, रंगीत काचांच्या उंच खिडक्या, हे सगळं पाहिलंच. पण मनात राहिला तो गल्लीतल्या आठवडी बाजारातला पास्तेल. मैद्याची पातळ पारी, वहीच्या पानाएवढा चौकोन, आत चीज, कढईतून थेट कागदात. पहिल्या घासाला आतली गरम वाफ ओठांवर येते. पारी खुसखुशीत व्हावी म्हणून पिठात चमचाभर कशासा, म्हणजे उसाची दारू, घालतात. आणि सोबत चक्क उसाचा रस! आलं नाही, चाट मसाला नाही, अननस घालून. चरकाला घुंगरं तेवढी नव्हती.

तुम्हीही लिहा. कुठलं शहर, गाईडनं काय खिलवलं, आणि शाकाहारी असाल तर काय जमलं, हे नक्की सांगा.

*

ताई, शाकाहाराबद्दल आधी लिहिते, कारण रिओत आम्हाला त्रास झाला. बुकिंग करताना "शाकाहारी चालेल" असं सांगितलं होतं, प्रत्यक्षात प्रत्येक ठिकाणी फक्त तळलेलं चीज पुढे आलं. दोष भाषेचाही आहे. 'सेम कार्ने', म्हणजे 'मांसाशिवाय', म्हटलं की पुष्कळजण फक्त गोमांस वगळतात. कोंबडी आणि हॅम ताटात येऊ शकतं. साध्या दिसणाऱ्या राजम्यासारख्या उसळीतही बेकनचे तुकडे असतात. प्रत्येक पदार्थाचं नाव घेऊन विचारा.

समुद्रकिनाऱ्यावर मात्र पोट आणि मन दोन्ही भरलं. खांद्याला स्टीलची दोन पिंपं अडकवून विक्रेते फिरतात, एकात माते नावाच्या पानांचा गार चहा, दुसऱ्यात लिंबू सरबत. ग्लासात दोन्ही एकत्र करून देतात. सोबत कसावाच्या, म्हणजे साबुदाण्याच्या कंदाच्या, पिठाची पोकळ कडी, जिभेवर ठेवली की साबुदाण्याच्या पापडीसारखी विरघळते.

*

साल्वादोर शहर, तिथला पेलोरिन्यो हा जुना भाग. आईला घेऊन गेले होते, ती 71 वर्षांची.

अकाराजे, म्हणजे चवळीचा वडा, विकणाऱ्या बाईसमोर आम्ही अर्धा तास उभ्या होतो. पांढरा घेरदार झगा, डोक्याला पांढरा फेटा, गळ्यात मण्यांच्या माळा. सालं काढून वाटलेली चवळी ती लाकडी डावानं फेटत होती, हात थांबतच नव्हता. आई हळूच म्हणाली, "वड्याचं पीठ असंच हलकं करतात." मग दोन डावांमध्ये वळून वडा देंदे तेलात. हे पामतेल केशरी-लाल असतं, त्याचा वास आधी जड वाटतो, मग सुटत नाही.

गाईडनं बजावलं होतं, "केंची?" असं विचारलं तर ते गरम हवं का असं नाही, तिखट हवं का असं असतं. आईनं जोरात मान हलवली. बाई इतकी खूश झाली की मिरचीचं वाटण दुप्पट लावलं.

हा वडा पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या योरुबा लोकांचा. इआन्सां देवतेचा नैवेद्य आहे. या बायकांच्या व्यवसायाची 2005 साली राष्ट्रीय वारसा म्हणून नोंद झाली. दुकान थाटून वडा विकणं निराळं आणि देवीचं अन्न हातानं देणं निराळं, हे तिथे उभं राहिल्यावर कळतं.

शाकाहारींनी वड्यात भरतात तो वातापा आणि भेंडीचा कारुरू नको म्हणावं, दोन्हींत सुकी कोळंबी असते. वडा चिरून आत टोमॅटो-कांद्याची कोशिंबीर भरून मागा. फार काटेकोर असाल तर त्याच तेलात आणखी काय तळतात तेही विचारा.

*

अ‍ॅमेझॉनच्या मुखाजवळचं बेलें शहर. व्हेर-ओ-पेझु बाजार.

तिथली असाई, म्हणजे ताडासारख्या झाडाच्या जांभळ्या फळांचा गर, गोड नसते. तळलेला मासा आणि कसावाचा जाडसर रवा याबरोबर खातात. मला मातकट लागली, आवडली नाही. पण ताकाका हे गरम सार! कडू कसावाचा रस कच्चा विषारी, म्हणून खूप वेळ उकळतात. त्यात जांबू नावाच्या पालेभाजीची पानं. सुक्या फळाच्या करवंटीत वाफाळता देतात. दोन घोटांत ओठ बधिर. दाढदुखीला आजी अक्कलकाढ्याचं फूल चावायला द्यायची, अगदी तेच.

*

मी वेंगुर्ल्याचा. फोर्तालेझात गाईडनं काजुईना पाजली. थंड, मधाच्या रंगाची, नितळ, आणि काजूच्या बोंडूची! घशाला धरणारा तुरटपणा कुठेच नाही. मला खरंच भरून आलं. काजू मुळात त्यांचा, पोर्तुगीजांनी तो आपल्या किनाऱ्यावर आणला. आपण बी ठेवली आणि बोंडू झाडाखाली कुजू दिला. गोव्यात निदान हुर्राक नि फेणी होते. आमच्या बागेत मे महिन्यात पायाखाली बोंडूंचा चिखल असतो.

गाईडला खोदून विचारलं. रसात जिलेटिन घालून तुरट अंश खाली बसवतात, गाळतात, बाटल्या पाण्यात ठेवून तापवतात. रसातली साखर करपत आली की रंग येतो. आपल्याकडे जिलेटिनऐवजी साबुदाण्याची पेज चालते. येत्या एप्रिलात पाच किलो बोंडू पिळणार आहे. कुणी आधी केलं असेल तर पेजेचं प्रमाण कळवा.