मदत हवी आहे: एलंड रोड स्टेडियम मोठं होतंय, बस आणि पार्किंगबद्दल कौन्सिलला नेमकं काय लिहावं?

बीस्टनची_मीरा

नमस्कार मंडळी,

आम्ही इंग्लंडमधल्या लीड्स शहराच्या दक्षिणेला बीस्टनमध्ये राहतो. एलंड रोड स्टेडियम घरापासून चालत जाण्याइतकं जवळ आहे. लीड्स युनायटेड या फुटबॉल क्लबला ते वाढवायचं आहे. आज साधारण ३७,६०० प्रेक्षक मावतात, ते जवळपास ५३,००० करायचे आहेत. आधी पश्चिमेचा स्टँड, मग उत्तरेचा. अर्ज कौन्सिलकडे (इथल्या महापालिकेकडे) आहे आणि मला रहिवासी म्हणून माझं म्हणणं लेखी द्यायचं आहे. त्यासाठी मदत हवी आहे.

विस्ताराला माझा विरोध नाही, हे आधीच सांगते. नवरा आणि मुलगा दोघंही पक्के लीड्सवाले. २०२५ मध्ये संघ परत प्रीमियर लीगमध्ये गेला तेव्हा अख्खं शहर रस्त्यावर उतरलं होतं, त्यात आम्हीही होतो. माझा प्रश्न एवढाच, की ही जादा पंधरा हजार माणसं येणार कशी आणि रात्री परत जाणार कशी?

इथली परिस्थिती माहीत नसलेल्यांसाठी थोडं सांगते. एवढ्या मोठ्या स्टेडियमला स्वतःचं रेल्वे स्टेशन नाही. मुख्य स्टेशनपासून चालत यायला अर्धा तास लागतो. सामन्याच्या दिवशी सॉव्हरिन स्ट्रीटवरून जादा बस सोडतात. बाकीचे चालत येतात, नाहीतर गाडी घेऊन, कारण एम ६२१ मोटारवे शेजारूनच जातो. लीड्सच्या जुन्या ट्रॅम १९५९ मध्ये बंद झाल्या. सुपरट्रॅमची योजना सरकारने २००५ मध्ये गुंडाळली, त्यानंतरची ट्रॉलीबसची (वरच्या तारांमधून वीज घेणाऱ्या बसची) योजना २०१६ मध्ये बारगळली. आता नव्या ट्रॅमचा एक मार्ग सेंट जेम्स हॉस्पिटलपासून एलंड रोडवरून व्हाइट रोज शॉपिंग सेंटरपर्यंत आखलाय, पण तोही २०३० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत पुढे गेलाय. स्टँड त्याच्या कितीतरी आधी उभा राहील.

माझ्या घरातला प्रश्न असा. सासूबाई व्हीलचेअरवर असतात. संध्याकाळी केअरर येते, औषधं देते आणि त्यांना रात्रीसाठी पलंगावर घेते. सामना असला की आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंना गाड्या अर्ध्या फुटपाथवर चढवलेल्या असतात. केअररला गाडी लावायला जागा मिळत नाही, आणि बसने आली तर बस गर्दीत अडकते. परवाच्या रात्रीच्या सामन्याला ती पोचली तेव्हा सासूबाई खुर्चीतच मान टाकून झोपल्या होत्या. आमच्या घरांना पुढे अंगण नाही, दार थेट फुटपाथवर उघडतं. त्यामुळे अशा वेळी त्यांना बाहेर न्यायचं तर खुर्ची रस्त्यावर उतरवावी लागते, आणि समोरून गर्दी येत असते.

एका डबलडेकरमध्ये ७५ माणसं धरली तर पंधरा हजारांसाठी दोनशे फेऱ्या होतात, त्याही सामना संपल्यानंतरच्या तासाभरात. सगळे काही बसने जाणार नाहीत, पण निम्मे म्हटलं तरी शंभर फेऱ्या. या बस कुठून येणार, कुठे उभ्या राहणार आणि पैसे कोण देणार?

तुमच्यापैकी कोणी टॉटनहॅम, अ‍ॅनफिल्ड अशा वाढवलेल्या स्टेडियमजवळ राहतं का? तिथे नंतर काय झालं? आणि प्लॅनिंगमध्ये काम करणारं कोणी असेल तर पत्रात काय लिहिलं म्हणजे ते खरंच विचारात घेतलं जाईल, ते सांगा. ट्रॅम आल्याशिवाय नवा स्टँड उघडू नका, असं लिहायचं माझ्या मनात आहे.

उत्तर_लंडनकर

मीराताई, मी टॉटनहॅमला राहतो. जुन्या मैदानात ३६ हजार लोक मावायचे. नवं स्टेडियम एप्रिल २०१९ मध्ये उघडलं, त्याची क्षमता ६२,८५० आहे. फरक हा, की आमच्याकडे चालण्याच्या टप्प्यात चार स्टेशनं आहेत आणि त्यातलं व्हाइट हार्ट लेन नव्याने बांधलं. तरीही त्याचं नवं प्रवेशद्वार स्टेडियम उघडल्यावर काही महिन्यांनी, ऑगस्टमध्ये सुरू झालं.

आमच्याकडे सामन्याच्या दिवशी रहिवाशांनाच परमिटवर पार्किंग असतं, त्याचा खूप फायदा झाला. केअररच्या गाडीला परवाना कसा मिळणार, हे मात्र पत्रात मुद्दाम विचारा. दुसरी गोष्ट कोणी आधी सांगत नाही. सामना सुटला की हाय रोड, म्हणजे स्टेडियमसमोरचा मुख्य रस्ता, वाहनांसाठी बंद करतात आणि नेहमीच्या बस दुसरीकडून वळवतात. त्यामुळे ज्यांचा सामन्याशी काही संबंध नाही त्यांनाही त्या वेळात नेहमीच्या जागी बस मिळत नाही. जादा बस देताना आमची रोजची बस कुठून जाणार, हेही विचारा.

मर्सीकाठी

मी लिव्हरपूलला असतो. अ‍ॅनफिल्डची स्थिती तुमच्यासारखीच आहे, चहूबाजूंनी एकमेकांना लागून असलेली चाळवजा घरं आणि दाराशी स्टेशन नाही. २०१६ मध्ये मेन स्टँड मोठा केला, मग अ‍ॅनफिल्ड रोडकडची बाजू, आणि क्षमता ६१ हजारांवर गेली. स्टेशन काही जवळ आलं नाही. लोक सँडहिल्स स्टेशनवर उतरून तिथून खास बस पकडतात, नाहीतर गावातून बसने येतात. सामन्याच्या दिवसाचं पार्किंग क्षेत्र इथेही आहे, पण त्याची हद्द जिथे संपते तिथल्या पुढच्या गल्लीत त्रास सुरू होतो. हद्द कुठपर्यंत आखतात ते नकाशावर बघून घ्या. तुमची गल्ली बाहेर राहिली तर आत्ताच बोला.

आराखडा

ताई, मी काही वर्षं इथल्या एका कौन्सिलमध्ये वाहतूक नियोजनात काम केलंय. तुमचं पत्र मनापासून आलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ट्रॅम आल्याशिवाय स्टँड नको, ही मागणी करू नका. काही काम पूर्ण होईपर्यंत इमारत वापरात आणू नये, अशी अट परवानगीला घालता येते. तिला ग्रॅम्पियन कंडिशन म्हणतात. पण परवानगीच्या मुदतीत ते काम होण्याची काहीच शक्यता नसेल तर अशी अट घालू नये, असा संकेत आहे. ट्रॅम त्यातच बसते. तुमची मागणी बाजूला पडेल आणि तिच्यासोबत बाकीचं पत्रही.

त्याऐवजी जे क्लब आणि कौन्सिल दोन-तीन वर्षांत खरंच करू शकतात ते मागा. बसची जागा आणि ताफा ठरेपर्यंत नवा स्टँड प्रेक्षकांसाठी उघडू नये. होलबेक भागातून मुख्य स्टेशनकडे जाणाऱ्या वाटेवर दिवे आणि रुंद फुटपाथ व्हावेत. पार्किंग क्षेत्र पहिल्या सामन्याआधी लागू व्हावं आणि त्याचा खर्च क्लबने कलम १०६ च्या करारातून (परवानगीसोबत बांधकाम करणारा कौन्सिलशी करतो तो करार) द्यावा, रहिवाशांच्या परमिट फीमधून नव्हे. गाडीने येणाऱ्यांचं प्रमाण किती खाली आणणार हे ट्रॅव्हल प्लॅनमध्ये (प्रेक्षक कसे येतील-जातील याच्या क्लबच्या आराखड्यात) आकड्यात हवं, दर हंगामात मोजायला हवं, आणि ते गाठलं नाही तर पुढे काय, हेही त्यात लिहिलेलं हवं. शेवटचा मुद्दा लोक विसरतात, आणि तो नसला तर ट्रॅव्हल प्लॅन कपाटात जातो.

विस्तार दोन टप्प्यांत आहे, ही तुमची जमेची बाजू आहे. पहिल्या स्टँडनंतरची मोजणी बघूनच दुसरा उघडावा, असं लिहा.

घराची किंमत, गोंगाट करणारे चाहते यात शिरू नका. सासूबाई आणि केअररचा मुद्दा मात्र जरूर लिहा. समानता कायद्यानुसार कौन्सिलला अपंग रहिवाशांवर होणाऱ्या परिणामाचा विचार करावाच लागतो. म्हणणं पाठवायची तारीख उलटली असली तरी पाठवा, निर्णय होईपर्यंत आलेली पत्रं बहुधा बघितली जातात. वॉर्डाच्या नगरसेवकांनाही प्रत द्या.

बीस्टनची_मीरा

आराखडादादा, आणि तुम्हा सगळ्यांचेच खूप आभार. ट्रॅमची मागणी काढून टाकली. मर्सीकाठींनी सांगितलं म्हणून नकाशा बघितला, तर आमची गल्ली हद्दीच्या अगदी कडेला येतेय. ते पत्रात पहिल्याच परिच्छेदात घेते.

मुख्य मागणी सध्या अशी लिहिली आहे: "सामन्यानंतरच्या एका तासात किती प्रेक्षकांना बसने नेता येईल हे क्लबने आकड्यात दाखवावं, आणि ती व्यवस्था प्रत्यक्ष चालवून बघितल्याशिवाय पश्चिम स्टँडमधल्या वाढीव जागांची तिकिटं विकू नयेत." तिकीटविक्रीवर अशी अट घालता येते का, की जागा वापरात आणू नयेत असंच म्हणावं? इंग्रजी मसुदा रविवारी तयार होईल. कोणाला नजर टाकायला जमणार असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, लगेच पाठवते.